लाइट आहे, पण व्होल्टेज नाही

सगळ्यात आधी संशय माउसवर गेला. सत्तावीस इंची नवा फोर-के मॉनिटर टेबलावर येऊन चार दिवस झाले होते आणि बाण पडद्यावरून सरकताना मधल्या पायऱ्या गाळत होता. हात सरळ फिरायचा, बाण लंगडी घालत यायचा. मी सेल बदलले, पॅड बदललं, शेवटी माउसच नवा आणला.

गंमत अशी की त्याने थोडा फरक पडला. जुन्या माउसचा रिसीव्हर डॉकच्या, म्हणजे लॅपटॉपला एका वायरीने सगळं जोडून देणाऱ्या डबीच्या, पाठीमागे खोचलेला होता, नव्याचा मी आळसाने थेट लॅपटॉपला लावला. हे वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि यूएसबी ३ च्या तारांचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण काढलं होतं. म्हणजे माझ्या टेबलावर दोन आजार एकदम होते. धाकटा बरा झाला आणि मला वाटलं, थोरलाही उतरणीला लागला. पुढचे तीन आठवडे त्यात गेले.

मी मराठी पुस्तकांची पानं लावते आणि मुद्रितं तपासते. नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत, हॉलच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. मोठ्या मॉनिटरची हौस नव्हती, गरज होती. याच आकाराच्या साध्या एचडी पडद्यावर एका इंचात जेमतेम ८२ ठिपके बसतात, फोर-केवर १६३. इंग्रजी वाचणाऱ्याला यात फार मोठं काही वाटणार नाही. पण बारीक टायपात ‘शुद्ध’ मधला द्ध बरोबर जोडलाय की कोणी ध्द करून ठेवलाय, रफारावर बसलेला अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, हे दिवसाला शंभर पानं बघताना डोळा ताणून ठरवायचं म्हणजे शिक्षा असते.

आणि डॉक घेतला तो एकाच वायरीच्या मोहाने. लॅपटॉप आणायचा, एक वायर खोचायची. चार्जिंग, कीबोर्ड, पाठीमागची हार्ड डिस्क, मॉनिटर, सगळं एका झटक्यात जागं. संध्याकाळी वायर काढायची की टेबल पुन्हा घराचं. हा मोह वाईट नाही, अजूनही मला आवडतो. फक्त त्या एका वायरीतून काय काय जातं ते मी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी खोक्यातली वायर आखूड पडली म्हणून मी घरातली दुसरी लावली होती. तोंडं अगदी तीच, सी-टाइप. लॅपटॉप चार्ज होऊ लागला, कीबोर्ड चालू झाला, मॉनिटर मात्र ‘सिग्नल नाही’ म्हणून झोपी गेला. ती वायर फोनच्या चार्जरबरोबर आलेली होती. तशा वायरीत वीज नेणाऱ्या तारा असतात आणि जुन्या यूएसबी २.० च्या दोन असतात. चित्र नेणारे वेगवान मार्ग तिच्या पोटात घातलेलेच नसतात. सी-टाइप हे २०१४ मध्ये आलेल्या तोंडाचं नाव आहे, पोटाचं नाही. बंद पाकिटावरून पत्राचा मजकूर ओळखायला जावं, तसं हे. असो, तो बिघाड सोपा होता, कारण काळा पडदा लपत नाही. खोक्यातली वायर लावली, चित्र आलं, सुंदर आलं, आणि मी शोध थांबवला.

मग ती लंगडी. पान खाली सरकवलं की ओळी थरथरत यायच्या. दुपारपर्यंत कपाळ दुखायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नंबर तोच निघाला. ‘मोठ्या स्क्रीनची सवय व्हायला वेळ लागतो,’ असं मैत्रिणीने सांगितलं आणि मी सवय करून घ्यायला लागले. मराठीत याला ‘चालवून घेणं’ म्हणतात. आमच्या घरात ते पिढीजात आहे.

दिवाळीनंतर नाना, म्हणजे माझे वडील, थंडीपुरते पुण्याला राहायला आले. नाना वीज मंडळात आधी वायरमन आणि मग एका ३३ केव्ही उपकेंद्रात ऑपरेटर होते. २००५ मध्ये मंडळाची वाटणी होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण नाना अजून ‘मंडळ’च म्हणतात. हॉलमध्ये माझ्या पाठीमागे त्यांची कॉट. पेपर वाचता वाचता त्यांनी दोन दिवस माझा पडदा पाहिला आणि म्हणाले, “तुझं व्होल्टेज कमी आहे का गं?”

“नाना, चित्र येतंय की व्यवस्थित.”

“येतंयच. पण ओढत येतंय.” मग पेपरची घडी घालून त्यांनी सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते: “लाइट गेली की माणसं ऑफिसवर येतात, शिव्या घालतात. व्होल्टेज कमी असलं की कोणी येत नाही. बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो, मोटर गरम होत होत जळते. पण लाइट आहे ना, मग महिनाभर कोणी बोलत नाही.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आत, आणखी आत गेले. तिथे लिहिलं होतं: ३८४० गुणिले २१६०, ३० हर्ट्झ. पडदा सेकंदाला साठऐवजी तीस वेळाच नवा होत होता. साठाचा पर्याय यादीत नव्हताच. मग डॉकचं खोकं माळ्यावरून काढलं. वर ठळक अक्षरात ‘४के’. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात, ‘३० हर्ट्झपर्यंत’. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईने स्वतः विकत घेतलेलं खोकं वाचलं नव्हतं.

आता यातला हिशोब, कारण मला तो फार आवडला. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला साठदा. गुणाकार केला की १,१९४ कोटी बिट होतात, आणि दोन चित्रांमधली थोडी मोकळी जागा धरली की त्याहून काही जास्त. हे दर सेकंदाला. सी-टाइपच्या तोंडात एकूण २४ टोकं असतात. त्यांतून वेगवान तारांच्या चार जोड्या जातात. चौपदरी रस्ता समजा. माझ्यासारखा साधा डॉक या चारांतले दोन पदर चित्राला देतो आणि दोन यूएसबी ३ ला, म्हणजे हार्ड डिस्क वगैरेंना. माझा लॅपटॉप जुना, २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाचा. (डिस्प्लेपोर्ट म्हणजे पडद्याकडे चित्र नेण्याची एक ठरलेली पद्धत.) त्या वेगाने दोन पदरांतून खरा माल जातो ८६४ कोटी बिट. बाराशे कोटींचा माल आठशे कोटींच्या रस्त्यावर मावत नाही. अर्धा केला, की आरामात मावतो. म्हणून ३०.

लॅपटॉप आणि डॉक दोन्ही २०१६ च्या डिस्प्लेपोर्ट १.४ चे असते तर त्याच दोन पदरांतून १,२९६ कोटी गेले असते, साठ हर्ट्झ कसेबसे बसले असते, आणि मी हे लिहायला बसले नसते.

मला जास्त विचार करायला लावलं ते या सगळ्याच्या गुपचूपपणाने. वायर खोचल्यापासून चित्र येईपर्यंतच्या क्षणभरात आत एक बैठक होते. मॉनिटर स्वतःचा बायोडेटा देतो: १२८ बाइटचा एक ठोकळा, गरजेप्रमाणे पुरवणी जोडलेला, त्यात कंपनी, आकार, कोणकोणती मापं पेलतो ते सगळं. त्याला ईडीआयडी म्हणतात. मग रस्त्याची चाचणी होते. भरधाव पाठवून बघायचं. पलीकडून ‘चुका येतायत’ असं कळलं की वेग एक पायरी उतरवायचा, पुन्हा बघायचं. शेवटी जे जमेल त्यावर तडजोड होते आणि तेवढेच पर्याय आपल्याला यादीत दिसतात. माझा मॉनिटर साठ पेलत होता, त्याच्या बायोडेटात ते लिहिलेलंही होतं. लॅपटॉपही, रस्ता रुंद मिळाला तर, साठ द्यायला समर्थ होता. मधल्याची ऐपत कमी पडली, आणि तिघांतल्या एकानेही मला तसं सांगितलं नाही. ज्याने हे घडवलं त्या इंजिनिअरला मी दोषही देत नाही. काळ्या पडद्यापेक्षा लंगडा बाण बरा, असं त्याला वाटलं असणार. मलाही तीन आठवडे तसंच वाटत होतं.

पुढची चूक माझी स्वतःची. डॉक बाजूला ठेवून मी लॅपटॉपच्याच एचडीएमआयमधून मॉनिटर जोडला. साठ हर्ट्झ आले! बाण लोण्यातून सुरी फिरावी तसा. संध्याकाळी मुद्रितं उघडली तर काळा मजकूर कोरीव, आणि मी लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या मात्र फुटलेल्या, पावसात कुंकू ओघळावं तशा. डोळे चोळले. चष्मा पुसला. काळं स्वच्छ आणि फक्त लालच गढूळ, असा आजार डोळ्यांना होत नाही.

कारण समजलं तेव्हा मी चक्क हसले. लॅपटॉपचं एचडीएमआय २००९ च्या १.४ आवृत्तीचं; त्या मार्गाने पूर्ण रंगातलं फोर-के तीस हर्ट्झपर्यंतच जातं. साठ हवे म्हटल्यावर त्याने रंगाची कापाकापी केली. प्रत्येक ठिपक्याचा उजेड-अंधार पूर्ण पाठवायचा, रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. सेटिंगमध्ये रंगाच्या रकान्यात ४:२:० असे आकडे दिसले, ते याचेच. सिनेमा बघताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, माणसाची नजर रंगापेक्षा उजेडाला जास्त तिखट असते. पण लाल शाईवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमका तोच खर्च कापला गेला होता. इथेही चालवून घेणंच. फक्त या वेळी कात्री दुसऱ्या कापडाला लागली.

तपकीर गल्लीत गेलो, नानाही बरोबर. बुधवार पेठेतल्या त्या बोळात विजेचं नि इलेक्ट्रॉनिक्सचं काय मिळत नाही! पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, “मॅडम, सी-टाइप म्हणजे सी-टाइप, कुठलीही घ्या.” दुसऱ्या दुकानात नानांनी वायर हातात घेऊन विचारलं, “गेज किती?” आणि दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. तिसऱ्या ठिकाणी काउंटरमागे विशीतला एक मुलगा होता. त्याने विचारलं, “फोर-के सिक्स्टी पाहिजे ना? डॉकमधून देताय का? मग डॉकला बायपास करा. लॅपटॉपला दुसरं सी-टाइप असेल, त्यातून थेट डीपी.”

“डीपी?” नाना दचकले. त्यांच्या लेखी डीपी म्हणजे गावाबाहेरच्या खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर. उन्हाळ्यात जळते ती, आणि वर्गणी काढून लोक ज्याच्यासाठी ऑफिसवर मोर्चा नेतात ती. माझ्या भाचीच्या लेखी डीपी म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो. या मुलाच्या हातातली डीपी म्हणजे एका टोकाला सी-टाइप आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली वायर. मधे कोणी वाटेकरी नसल्याने चारही पदर चित्राला, १,७२८ कोटींची वाट. त्याच्याकडे तीन मीटरची शिल्लक होती. टेबलामागून फिरवायला बरी, म्हणून तीच घेतली.

घरी आल्यावर साठ हर्ट्झ, रंग पूर्ण, लाल शाई लाल. एका वायरीचं स्वप्न मोडून दोन झाल्या: डॉककडे चार्जिंग, कीबोर्ड, हार्ड डिस्क, मॉनिटरचा कारभार वेगळा. एकत्र कुटुंबातून चूल वेगळी काढल्यासारखं थोडं वाटलं खरं. पण दोन्हीकडे पोटभर जेवण होतं.

हे सगळं डिसेंबरातलं. जानेवारीत पडदा मधेच काळा व्हायला लागला. दोन सेकंद काळा, मग जसाच्या तसा परत. दिवसातून पाच-सहा वेळा. कधी तासभर काहीच नाही. लंगड्या बाणापेक्षा हे फार वाईट, कारण त्या दोन सेकंदांत आपण कुठल्या ओळीवर होतो तेच विसरायला होतं.

मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत केला. वायर दोन्ही बाजूंनी काढून घातली. मॉनिटरची झोप बंद केली. हे सगळं एकाच दुपारी, एकामागून एक, घाईघाईत. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. नाहीतर बरा झाला तरी कशानं बरा झाला कळत नाही.” एवढं बोलून त्यांनी माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली.

उपकेंद्रात दर तासाची नोंद ठेवायची असते आणि फीडर (पुढे वीज नेणारी लाइन) ट्रिप झाला की वेळ, कारण, पुन्हा कधी चालू केला, सगळं लिहायचं असतं. नाना निवृत्त झाले, सवय झाली नाही. तीन दिवस ते कॉटवर बसून लिहीत होते. ती वही माझ्यासमोर आहे. ‘११.१०. गेला. २ से. फ्रिज चालू.’ ‘११.४५. गेला. फ्रिज बंद. लिफ्टचा आवाज.’ फ्रिजवर संशय म्हणून त्यांनी एका दुपारी तो तासभर बंद ठेवला. पडदा तरी गेलाच, आणि विरजण तेवढं आंबट झालं. तिसऱ्या दिवसापासून एक नवा रकाना आला आहे. ‘१२.२०. गेला. मुलगी उठली.’ ‘१.०५. गेला. मुलगी उठली.’ ‘३.३०. मुलगी उठली. गेला नाही.’ ‘४.१५. गेला. चहाला उठली.’

“तू खुर्चीतून उठलीस की जातो,” असं त्यांनी जाहीर केलं. मी हसले. काहीही काय, नाना!

मग त्यांनी प्रयोग केला. स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसून दहा वेळा उठले, काही नाही. माझ्या फिरत्या, खालीवर होणाऱ्या खुर्चीत बसून, माझं नायलॉनचं जॅकेट घालून दहा वेळा उठले. चार वेळा पडदा काळा. सत्तरी ओलांडलेला माणूस लेकीचं गुलाबी जॅकेट घालून खुर्चीत बसतोय-उठतोय आणि प्रत्येक वेळी वळून पडद्याकडे बघतोय, हे दृश्य मी फोनमध्ये टिपलं नाही याची आजही हळहळ वाटते.

शोधल्यावर कळलं की हे काही आमच्या घरातलं भूत नव्हतं. डॉकमधल्या चिपा बनवणाऱ्या एका कंपनीच्या मदतपानावर सरळ लिहिलेलं आहे की अशा गॅस-लिफ्टच्या खुर्च्यांवरून माणूस उठला-बसला की क्षणभराचा विद्युतचुंबकीय झटका उसळतो, तो चित्राच्या वायरी टिपतात आणि पडदा जातो. कोरड्या हवेत कृत्रिम कापड गादीला घासून वेगळं होताना भार साठतो, खुर्चीच्या धातूतून कुठेतरी सूक्ष्म ठिणगी उडते, आणि तीन मीटरची वायर अँटेनासारखी ती झेलते. चित्राची लय तुटते, दोन्ही टोकं पुन्हा ती बैठक भरवतात, तेवढे दोन सेकंद काळे. पुण्याची जानेवारीतली कोरडी थंडी, हात लावला की दाराच्या कडीचा चटका बसणारी, याला अगदी सोयीची.

नानांचं एवढ्याने समाधान झालं नाही. “तो भार जमिनीत का जात नाही?” ते टेबलाखाली वाकले. तिथे माझं एक्स्टेंशन बोर्ड. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की मला कित्येक महिने झिणझिण्या यायच्या. तेही मी चालवूनच घेत होते. त्यांनी बोर्ड उघडलं. आत अर्थिंगची वायर कापून मोकळी सोडलेली. बरं, ती जोडली असती तरी उपयोग नव्हता, कारण भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगच मेलेलं होतं. टेस्ट लॅम्प लावून त्यांनी ते पाहिलं आणि मला लांब उभं केलं. (हा उद्योग घरी करू नका. नानांनी चाळीस वर्षं केला आहे, तरी ते चप्पल घालून आणि एक हात पाठीमागे ठेवूनच करतात.) मॉनिटरच्या शोधात निघालेली आमची वरात अशी इमारतीच्या मीटर-खोलीपर्यंत पोचली. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तो “शनिवारी येतो” म्हणाला. मी दरम्यान एक मीटरची, चांगल्या आवरणाची डीपी वायर मागवून टाकली.

शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियनने अर्थिंग नीट करून दिलं. नाना दुपारच्या झोपेत असताना वायर आली आणि मी ती, सवयीने, लगेच लावली.

त्यानंतर पडदा एकदाही गेला नाही. झिणझिण्याही गेल्या. नाना उठले, त्यांनी टेबलामागे पाहिलं, जुनी वायर खाली पडलेली पाहिली, आणि वहीत लिहिलं: ‘४.००. दोन बदल एकदम. कारण अनिश्चित.’ खाली तारीख आणि सही.

मी म्हटलं, “नाना, बरं झालं ना, झालं तर मग.” ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर खुर्चीत जाऊन बसले, उठले, वळून पाहिलं. पुन्हा बसले.

होळीआधी ते गावाला गेले. परवा फोनवर सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाले, “ती तीन मीटरची टाकली नाहीस ना? पुढच्या थंडीत येतो. अर्थिंग आहे तसंच ठेवू आणि फक्त जुनी वायर लावून बघू.” टाकलेली नाही. वेटोळं करून डॉकच्या खोक्यात ठेवली आहे, आणि वर लाल शाईत चिठ्ठी आहे: ‘सदोष?’ मी नुसतंच ‘सदोष’ लिहिलं होतं. प्रश्नचिन्ह नानांची दुरुस्ती.